मुलांनी रचलेले बैठे खेळ
(राहाता तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



मुलाच्या हाती तयार खेळ देणे ही एक गोष्ट आणि मुलांकडून नवा खेळ रचवून घेणे ही दुसरी. प्राथमिक शाळेत बैठ्या खेळांचा उपयोग बहुधा पहिल्या प्रकारे होतो. सापशिडीचा पट आणावा, त्याच्या घरांत पाढे अथवा समानार्थी शब्द चिकटवावेत आणि तासिकाभर मुलांना खेळू द्यावे, असा परिपाठ पुष्कळ शाळांतून आढळतो. त्यात वावगे काही नाही. परंतु चौथी-पाचवीच्या मुलांची शक्ती याहून पुष्कळ अधिक आहे. चार-पाच मुलांचा गट गावातील एखादा व्यवहार निवडून त्यावर पट, सोंगट्या, दान आणि नियम यांसह संपूर्ण नवा खेळ रचू शकतो. या कामाची पद्धत, त्यातील लाभ आणि त्यातील धोके यांचा विचार येथे करावयाचा आहे.

खेळाच्या द्वारे काही शिकवावे ही कल्पना नवी नव्हे, आणि या जिल्ह्याला तर ती मुळीच परकी नव्हे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्या ज्ञानेश्वरांच्या नावाशी ‘मोक्षपट’ हा खेळ परंपरेने जोडला जातो. कर्तृत्वाची ही गोष्ट परंपरेची आहे. खेळ मात्र प्रत्यक्षातला असून त्याचे जुने पट हस्तलिखितांच्या संग्रहांत आजही जपलेले आहेत. त्या पटावरील घरांना सद्गुणांची व दुर्गुणांची नावे असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातून सर्प खाली आणी. असाच खेळ उत्तरेकडे ‘ज्ञानचौपड’ या नावाने खेळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात छापला जाऊ लागला. तेथे प्रथम त्यावर त्या लोकांच्या नीतिकल्पनांची चित्रे आली, आणि पुढे तीही गळून नुसते एक ते शंभर आकडे राहिले. आज मुलांच्या हाती जी सापशिडी आहे ती ही होय. अर्थ गळाला तरी खेळ चालूच राहिला, कारण त्याची चाल त्या अर्थावर अवलंबून नव्हती. दान पडेल तसे जावयाचे, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती होते.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतील आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी जमीनदारीवरील एका खेळाचे एकाधिकारपत्र १९०४ साली मिळविले. जमिनीचे भाडे थोड्यांच्या हाती साठत गेले म्हणजे इतरांची काय स्थिती होते, हे लोकांना कळावे हा त्यांचा हेतू होता. एकाच पटावर दोन प्रकारचे नियम त्यांनी योजले. एका प्रकारात सर्वांची भरभराट होई. दुसऱ्यात एक जण श्रीमंत होऊन बाकीचे बुडत. १९३५ पासून ‘मोनॉपली’ या नावाने जो खेळ जगभर खपला त्याचे मूळ यात आहे, आणि आपल्याकडील घराघरांत ‘व्यापार’ म्हणून जो पट ओळखला जातो तो त्याच कुळातील. लोकांनी मात्र दोहोंपैकी दुसरा, इतरांना बुडविण्याचा प्रकारच उचलला, आणि बाईंचा हेतू मागे पडला. येथे पट बदलला नव्हता. नियम बदलला आणि त्यासरशी शिकवणच उलटली.

या दोन उदाहरणांवरून शिक्षकाने एक कसोटी ध्यानात ठेवावी. मुलांनी केलेल्या खेळातील प्रश्न, चित्रे व नावे झाकून टाकावीत आणि खेळून पाहावे. काहीच फरक पडला नाही, तर विषय त्या खेळावर केवळ चिकटविलेला आहे असे समजावे. विषय काढताच खेळ अडला, तर विषय नियमात उतरला आहे. मुलांचे खरे शिक्षण नियम घडविण्यात होते. पट रंगविणे हे त्यामानाने सोपे व शेवटचे काम आहे.

ही गोष्ट राहाता परिसरातील एका व्यवहारावरून अधिक स्पष्ट होईल. नांदूर मधमेश्वरहून निघालेला गोदावरीचा उजवा कालवा या भागातून जातो. लोणी-कोल्हारकडील शिवाराला प्रवरेचे पाणी मिळते, ज्याचे मूळ १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात आहे. या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीस सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. येथील मुलाच्या कानावर आवर्तन, चारी, पोटचारी, पाटकरी, पाळी हे शब्द रोज पडतात. रात्री दारे धरावयास वडील गेले म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही. मग खेळ याच गोष्टीचा का असू नये?

समजा, पाचवीच्या एका गटाने ‘पाण्याची पाळी’ असा खेळ योजला. ओसरीतील शहाबादी फरशीवर खडूने एक चारी आखली. तिच्यावर चार शेते: एक मुखाशी, दोन मध्ये, एक शेवटास. एका वाटीत मक्याचे २० दाणे घेतले. हे एका आवर्तनाचे पाणी. उसाला ८ दाणे लागतात व १० गुण मिळतात; गव्हाला ४ दाणे व ६ गुण; हरभऱ्याला २ दाणे व ३ गुण. पुरते पाणी मिळाले नाही तर त्या पिकाचा गुण नाही. हे आकडे खेळापुरते होत. पहिला नियम मुलांनी सहज सुचेल तो केला: मुखाकडच्याने आधी घ्यावे.

चौघांनीही ऊस लावला तर काय होते? पहिल्याने ८ घेतले, दुसऱ्याने ८ घेतले, तिसऱ्याच्या वाट्यास ४ आले आणि त्याचा ऊस वाळला. चौथ्याची वाटी रिकामी. दोघांचे मिळून २० गुण झाले, दोघांना शून्य. दुसऱ्या डावात चौथा मुलगा खेळण्यास तयार होत नाही, कारण खेळ सुरू होण्यापूर्वीच तो हरलेला असतो. याच क्षणी शिक्षकाने गप्प राहावे. मुले म्हणतील, ‘उलटे करू, शेवटच्याला आधी देऊ.’ तसे केल्यावर मुखाकडचा उपाशी राहतो. मग कोणी हरभरा लावून पाहतो, कोणी वाटणी सुचवितो. चौघांनी गहू लावला तर १६ दाण्यांत २४ गुण होतात व ४ दाणे उरतात. त्यांत दोघांनी बांधाकडच्या तुकड्यात हरभरा घेतला तर एकूण गुण ३० होतात. दोघांचाच ऊस भिजला तेव्हा २० गुण होते. ही बेरीज मुलांनी स्वतः केली म्हणजे तिचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागत नाही.

येथे घरच्या माणसांना विचारण्याची वेळ येते. कालव्यावर पाळीने पाणी देण्याच्या पद्धतीला शेजपाळी म्हणतात, आणि शेवटच्या शेतापासून मुखाकडे देत येण्याची रीत तीत सांगितली जाते. याचे कारण मुलांनी शोधावे. कालवा वाहत असेतो वरच्याला पाणी मिळण्याची आशा असते. शेवटच्याला ती नसते, म्हणून त्याची पाळी आधी. पण केवळ क्रम बदलून भागत नाही, मापही ठरवावे लागते, हे त्यांनी फरशीवर आधीच अनुभविलेले असते. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज घरी पाहिलेला मुलगा नवा नियम आणील: दाणे वाटण्यापूर्वी प्रत्येकाने पीक लिहून द्यावे, अर्ज न देणाऱ्यास पाणी नाही. दुसरा मुलगा म्हणेल, चारी फुटते, पाणी गळते. मग फाशावर १ पडला तर वाटीतून ३ दाणे काढून घ्यावेत. अशा रीतीने परिसर अभ्यास, गणित व भाषा एकाच कामात येतात, आणि सार्वजनिक वस्तूची वाटणी कशी करावी हा मोठेपणीचा प्रश्न दहाव्या वर्षी हाती लागतो. महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांसाठी २००५ साली कायदा झाला. ज्या मुलांनी असा खेळ रचला त्यांना अशा संस्थेचे काम पुढे अनोळखी वाटणार नाही.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. ऊस वाईट व हरभरा चांगला, असा निष्कर्ष शिक्षकाने काढून देऊ नये. ज्या घरांची चूल उसावर पेटते त्या घरांतील मुले समोर बसलेली असतात. गुण व दाणे यांचे आकडे मुलांनी घरी विचारून बदलावेत आणि पुन्हा खेळून पाहावे. आकडे बदलले की डाव कसा बदलतो, हे पाहणे हाच अभ्यास होय. पाण्याखेरीज इतर विषयही पुष्कळ आहेत: राहात्याचा पेरू बागेतून बाजारात कसा जातो, आठवड्याच्या बाजारात खरेदी कशी होते, गाईचे दूध संकलन केंद्रावर कसे पोचते. प्रत्येक विषयाबाबत गटाने आरंभी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. खेळणारा कोण आहे? त्याला काय साधावयाचे आहे? त्याच्या वाटेत काय आडवे येते? ही तीन उत्तरे मिळाली की खेळाचा पाया पडला.

आता कामाच्या क्रमाकडे वळावे. पहिले दोन दिवस मुलांनी जुने खेळ खेळावेत. आजी-आजोबांना विचारून त्यांची माहिती आणावी. सारीपाटावर ९६ घरे व १६ सोंगट्या असतात. दान नशिबाचे, पण कोणती सोंगटी हलवावी हा निर्णय खेळणाऱ्याचा. वाघबकरीत फासा नाही. सारे काही चालीवर अवलंबून. सापशिडीत चालच नाही. सारे काही दानावर. या तीन खेळांची तुलना केल्यावर मुलांना एक तत्त्व सापडते: नुसते नशीब असेल तर शहाणपणाला वाव नाही, आणि नुसती चाल असेल तर दुर्बल मूल प्रत्येक वेळी हरते. म्हणून नव्या खेळात दोन्ही असावीत, आणि प्रत्येक पाळीला निदान एक निर्णय खेळणाऱ्याच्या हाती असावा.

त्यानंतर खडूने कच्चा पट आखावा. या अवस्थेत रंग, पुठ्ठा व कात्री कपाटातच असावीत. रंगविलेला पट पुसवत नाही, आणि पुसवत नाही म्हणून चुकीचा नियम तसाच राहतो. कच्चा पट दोन-तीन दिवस खेळून झाल्यावर तो दुसऱ्या गटाकडे द्यावा. नियम कागदावर लिहून द्यावेत आणि रचणाऱ्यांनी जवळ बसून एक शब्दही बोलू नये. वाचणारे जेथे अडतील तेथे नियमाचे वाक्य सदोष आहे, असे समजावे. ‘सोंगटी मेली तर परत यावे’ असे लिहिले असेल तर कोठे परत यावे, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. निबंधातील संदिग्ध वाक्य शिक्षकालाच खटकते. नियमातील संदिग्ध वाक्यावर मात्र मुले भांडतात व स्वतःच ते सुधारतात. सुधारणा करताना एका वेळी एकच नियम बदलावा आणि जुना नियम खोडून न टाकता वहीत ठेवावा, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळते.

वेळेचा हिशेबही मुलांनीच करावा. एका फाशाचे सरासरी दान साडेतीन असते. ४० घरांचा पट पार करावयास सुमारे १२ दाने लागतात. चौघांची मिळून ४८ दाने, प्रत्येकास अर्धा मिनिट धरला तर २४ मिनिटे; म्हणजे एका तासिकेत डाव बसतो. शंभर घरांच्या पटाला याच हिशेबाने जवळजवळ एक तास लागतो व डाव अर्धवट सुटतो. पट किती मोठा असावा हे अशा रीतीने गणितानेच ठरते.

फासा विकत आणण्याची आवश्यकता नाही. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी व एक काळी असलेल्या दोन फाका होतात. अशा चार फाका टाकल्या, आणि प्रत्येक फाक दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे मानले, तर दान पडण्याचे १६ प्रकार होतात. त्यांपैकी चारही पांढऱ्या फक्त एकदा, तीन पांढऱ्या चार वेळा, दोन पांढऱ्या सहा वेळा, एक पांढरी चार वेळा आणि एकही पांढरी नाही असे एकदा. प्रत्यक्षात फाक एका बाजूने सपाट व एका बाजूने फुगीर असल्याने ती तशीच पडेल असे नाही. म्हणून मुलांनी १०० वेळा टाकून नोंद करावी आणि दुर्मीळ दानाला मोठे बक्षीस ठेवावे. सोंगट्यांसाठी बाटल्यांची बुचे, सागरगोटे वा रंगविलेले खडे चालतात. पटासाठी जुन्या दिनदर्शिकेची पाठ पुरते. बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तूंतून शिक्षणसाहित्य उभे केले, ते याच दृष्टीने.

यानंतर सर्वांत नाजूक प्रश्न येतो, तो गटाचा. गट केला म्हणजे सर्वांनी काम केले असे होत नाही. ज्या मुलीचे अक्षर चांगले तीच दरवेळी लिहिते, जो मुलगा धीट तोच फासा धरतो, आणि एक मूल कडेला बसून सर्व पाहते. ते मूल कोण, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी हेरावे. या तालुक्यात दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुले शाळेत येतात आणि हंगाम संपताच निघून जातात. त्यांचे वाचन मागे राहिलेले असते. ठराविक अभ्यासात त्यांचा प्रवेश मध्येच होतो आणि मध्येच संपतो. खेळ रचण्याच्या कामात मात्र त्यांच्याजवळ इतरांना नसलेली माहिती असते. मोळी कशी बांधतात, गाडी किती भरते, फडातून कारखान्यापर्यंत वाटेत काय अडते, हे त्यांना विचारावे. परंतु त्यांच्या घरच्या हालांचे प्रदर्शन होणार नाही, ही काळजी शिक्षकाने घ्यावी. त्यांना माहीतगार म्हणून विचारावे, दयेचा विषय म्हणून नव्हे.

यासाठी कामे पाळीपाळीने बदलावीत. नियम लिहिणारा, पट आखणारा, हिशेब ठेवणारा आणि दुसऱ्या गटाचा खेळ पाहून दोष टिपणारा, अशी चार कामे असावीत व प्रत्येक आठवड्याला ती फिरावीत. ज्याला लिहिता येत नाही त्याने नियम चित्राने काढावा. चित्रातील नियमही दुसऱ्या गटास समजला पाहिजे. पक्का पट शक्यतो कापडावर करावा. सारीपाट कापडाचा असे, तो घडी घालून पिशवीत ठेवता येई. कापडाची एक प्रत शाळेत राहावी आणि मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या मुलाला एक प्रत बरोबर द्यावी. पुढच्या मुक्कामी किंवा गावाकडच्या शाळेत तो पट उघडून ते मूल इतरांना नियम समजावून सांगेल. नव्या जागी प्रवेश करताना हाती दाखविण्याजोगे काही असणे, हे त्या मुलाच्या दृष्टीने लहान नाही.

काही आक्षेप येतील. पालक म्हणतील, शाळेत फासे टाकणे म्हणजे जुगार. हा आक्षेप थट्टेवारी नेऊ नये, कारण जुगाराने बुडालेली घरे गावात असतात. येथे पैज नाही, पैसा नाही आणि दानावर सर्वस्व नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत समजावून द्यावे. त्याहून बरे म्हणजे पालकांना एक डाव खेळावयास बसवावे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा: पाठ्यक्रम पुरा कसा होणार? आठवड्यातून दोन तासिका आणि सहा आठवडे एवढाच हा उपक्रम असावा. नियमलेखन भाषेच्या तासिकेत, दानांची नोंद गणिताच्या तासिकेत आणि माहिती जमविणे परिसर अभ्यासात धरावे, म्हणजे स्वतंत्र वेळ थोडाच लागतो. द्विशिक्षकी शाळेत तर एक वर्ग आपल्या पटात गुंतलेला असताना दुसऱ्या वर्गास शिकविता येते. तिसरा आक्षेप असा की मुले भांडतात. भांडण नियमावरून असेल तर ते थांबविण्याची घाई करू नये. दोन्ही बाजूंनी आपला नियम मोठ्याने वाचावा, गटाने मत द्यावे आणि निर्णय वहीत लिहावा. मारामारीवर आले तर अर्थातच शिक्षकाने उठावे.

मूल्यमापन करताना पटाच्या सुबकतेस गुण देण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिक्षकाच्या नोंदवहीत पुढील गोष्टी असाव्यात: मुलाने कोणता दोष ओळखला, कोणता बदल सुचविला, दुसऱ्याची सूचना मान्य केली काय, आपला नियम परक्यास समजेल असा लिहिला काय. वर्षाअखेर प्रत्येक शाळेने आपले खेळ एका पेटीत ठेवावेत. प्रत्येकावर वर्ष, इयत्ता आणि रचणाऱ्या सर्व मुलांची नावे असावीत. जी मुले मध्येच गाव सोडून गेली त्यांची नावे वगळू नयेत. पुढील वर्षाच्या वर्गाने ते खेळ प्रथम खेळावेत आणि मग त्यांचे दोष काढून आपले नवे खेळ रचावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळांतून शिकण्यावर भर दिलेला आहे. परंतु त्याची अंमलबजावणी ओसरीतल्या फरशीवर, खडूच्या एका तुकड्याने सुरू होते.

तेव्हा येत्या दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येक शाळेने निदान एका वर्गात, निदान एक गट हे काम हाती घेईल असे पाहावे. आरंभी खेळ ओबडधोबड होईल, डाव अडेल, नियम तुटतील. मुलांनी तो दुरुस्त करावा एवढ्यासाठीच तो त्यांच्या हाती द्यावयाचा आहे. पेटीत पहिला पट ठेवला गेला आणि त्यावर सर्वांची नावे आली, म्हणजे शाळेचे काम योग्य रीतीने सुरू झाले असे समजण्यास हरकत नाही.